लायनं वावर नावाचा ग्रह

राग उतरल्यावर लिहावं, असं म्हणतात. तशी थांबले असते तर हे कधीच लिहून झालं नसतं, कारण माझा उतरलेला नाही. आई म्हणते, “येवढी कशाले तापून राहिली? खेळच तर होता.” होता ना खेळच. पण कॅरममध्ये तुम्ही घेतलेली राणी शेजारच्यानं उचलून आपल्या खिशात घातली आणि वर म्हणाला, ‘तुमच्यासाठीच सांभाळून ठेवतो,’ तर तुम्ही हसाल का?

मी अमरावतीला राहते आणि अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे रोजचं अपडाऊन. बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याला ऑटो, घसा बसेपर्यंत फळ्यासमोर बडबड आणि पुन्हा गाडी. मला खगोलशास्त्रात पुढे शिकायचं होतं, ते राहून गेलं. का राहिलं ते सांगत बसत नाही. आमच्या घरात ज्याचं जे राहिलं ते सगळं एकाच कारणानं राहिलं. मला आकाश उरलं ते या खेळात.

खेळ कॉम्प्युटरवरचा आहे आणि जगभरचे लोक तो एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाजवळ एक यान. ते घेऊन ताऱ्याताऱ्यांमधून फिरायचं. ज्यांना लढाया करायच्या ते लढाया करतात, ज्यांना व्यापार करायचा ते व्यापार करतात. आम्ही नुसते शोधत फिरणारे. एखाद्या ग्रहावर तुम्ही सगळ्या जगाच्या आधी उतरलात, तर तो शोध तुमच्या खात्यावर लागतो आणि ग्रहाला नाव द्यायचा हक्क तुमचा. त्यासाठी आठवडाभराची मुदत असते. तेवढ्यात नाव दिलं नाही तर ग्रहाला कायमचा नंबर चिकटतो. दिलं, तर ते सगळ्यांच्या नकाशावर दिसतं आणि पुन्हा बदलता येत नाही. कुणाला हा पोरखेळ वाटेल. मला वाटत नव्हता. उभ्या आयुष्यात मी नाव ठेवलं ते एका मांजरीचं, आणि तीही पुढे शेजाऱ्यांकडे राहायला गेली.

आम्ही चौघं कसे जमलो ते सांगते. खेळात एकमेकांशी बोलता येतं. एका दुपारी मी कुठल्यातरी लाल ताऱ्याभोवती चकरा मारत होते. कानात इंग्रजी, रशियन, काय काय चाललेलं. त्या कालव्यातून एकदम ऐकू आलं, “काहून बे, मधात कुठी घुसून राहिला?” मी खुर्चीतच हसले. तो मोर्शीचा निघाला, संत्र्याच्या बागा असलेला, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. त्याच्या ओळखीनं अकोल्याचा एक आला, जो माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. मग तिवस्याचे सर आले. ते शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, नातवानं खेळ शिकवला आणि नातू सोडून सरांनाच त्याचं वेड लागलं. मी चौथी. आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. मला मात्र सगळे ताई म्हणत, सर तेवढे बेटा.

रविवारची दुपार आमची. कुठल्यातरी ताऱ्याजवळ यानं उभी करायची आणि गप्पा ठोकायच्या. इतके तारे, इतके ग्रह, मग कुणी बोलत का नाही आपल्याशी? हा आमचा आवडता प्रश्न. अकोल्याचा म्हणायचा, शहाणी जमात असते, पण ती फार टिकतच नाही, आपल्या हातानं मरते. सर म्हणायचे, अंतरं इतकी आहेत की हाक पोचेपर्यंत हाक मारणारा संपतो. मोर्शीचा म्हणायचा, “ते आहेत हो. पण न इचारता दुसऱ्याच्या वावरात पाय कसा ठेवतील?” आम्ही पोट धरून हसलो होतो तेव्हा. मी पण हसले होते.

डायनासोर कशानं मेले यावर तर महिनाभर भांडण पुरलं. मोर्शीचा उल्केच्या बाजूचा. लोणारचं सरोवर पाहून आल्यापासून त्याला वाटे, जगातला प्रत्येक प्रश्न वरून पडलेल्या दगडानंच सुटतो. “लोणार म्हणजे कालचं पोट्टं रे,” सर त्याला म्हणत. “डायनासोर जाऊन साडेसहा कोटी वर्षं झाली.” अकोल्याचा लाव्हाच्या बाजूचा. त्याच काळात आपल्या दख्खनवर जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर चढले, हवेत विषारी धूर कोंडला, असं तो सांगे. तो लाव्हा थिजून खडक झाला, खडक झिजून माती झाली. आपली काळी माती.

“म्हणजे माह्या वावरानं डायनासोर मारले?” मोर्शीच्यानं विचारलं.

“तुह्या वावराचा हात होता, असं म्हण.”

“वा! लय झालं बावा!” तो इतका खूश झाला की विचारू नका. त्या दिवसापासून तो लाव्हाच्या बाजूला गेला. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पृथ्वीवरचा एवढा संहार आणि ह्याला अभिमान कशाचा, तर तो आपल्या सातबाऱ्यावर झाल्याचा.

आता त्या रिवाजाचं सांगते, ज्यावरून हे सगळं झालं. आमच्या टोळीतला पहिला ग्रह सरांना सापडला. त्यांनी त्याला घरच्या शेताचं नाव दिलं, ‘चिंचेचं वावर’. आपल्याकडे वावरांना नावं असतातच. नाल्याकाठचं, पांदणीवालं, बरडी. जगाच्या नकाशावर, लॅटिन आणि ग्रीक नावांच्या गर्दीत, ‘चिंचेचं वावर’. आम्ही सगळे वेडे झालो. मग अकोल्याच्यानं आपल्या चुलत्यांच्या शेताचं नाव दिलं. मोर्शीच्यानं एकापाठोपाठ एक ग्रह शोधले आणि आपली वावरं आकाशात मांडली. ज्याला ग्रह सापडला त्यानं घरच्या वावराचं नाव द्यायचं, असा रिवाज पडून गेला. रिवाज सुंदर होता हे मी आजही नाकारत नाही. फक्त तो घालताना आपल्या चौघांपैकी एकीला वावर नसेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मला माझा पहिला ग्रह सापडला तेव्हा ते कळलं. बर्फाचा होता, लहानसा, फारसा देखणा नव्हता.

“सांग ताई, तुह्या वावराचं नाव काय?” मोर्शीचा म्हणाला.

“आमच्यापाशी वावर नाही.”

“आता नसंन. आजोबाचं?”

“त्यांच्यापाशी बी नव्हतं.”

“असं कसं? इकलं असंन मंग. वऱ्हाडातला माणूस अन् वावर नाही, असं होते का?”

होतं. वऱ्हाडात असं फार जणांचं होतं, फक्त ज्यांचं होतं ते तुझ्या ओट्यावर बसायला येत नाहीत, म्हणून तुला माहीत नाही. हे मी तेव्हा बोलले नाही, मनात बोलले. माझ्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, पोरांना शाळेत घातलं, वडील पोस्टात लागले. आमच्याकडे पुस्तकं आली, नोकरी आली, अमरावतीत दोन खोल्यांचं घर आलं. जमीन कधीच नव्हती, कारण आमच्या लोकांना गावानं गावाबाहेरची जागा दिली, वावर दिलं नाही. वावरातलं काम तेवढं दिलं. माझी आई लग्न होईपर्यंत तिवस्याकडच्या एका गावात लोकांच्या पऱ्हाटीत तण निंदायला जायची, कापूस वेचायला जायची.

“मंग असं कर,” मोर्शीचा म्हणाला, “माह्या वावराचं एक नाव घे. माह्यापाशी लय आहेत.”

आवाजात इतका मोठेपणा की त्याला हात लावला तर चिकटावा. मी म्हटलं नको. त्या ग्रहाला नंबर पडू दिला. मला भीड वाटली असेल, असं त्याला वाटलं. राग आला असेल असं वाटलं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला दुसरा ग्रह सापडला, आणि हा साधा नव्हता. खेळात नुकतीच एक भर घातली होती. काही ग्रहांवर संपून गेलेल्या शहाण्या जमातींच्या खुणा लपवून ठेवल्या होत्या. असा ग्रह आमच्या टोळीत कुणालाच मिळाला नव्हता, अख्ख्या जगात मोजक्यांनाच मिळाला होता. मी ढगांतून खाली उतरले आणि पाहतच राहिले. धुळीनं भरलेली सपाट जमीन, आणि तिच्यावर लांबच्या लांब चौकोन, एकाला लागून एक. मधून बांधासारख्या रेघा. माणूस नाही, प्राणी नाही, हिरवं पान नाही. खेळ बनवणाऱ्यांनी वाऱ्याचा आवाज तेवढा ठेवला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोक म्हणतील, चित्र आहे ते. हो, चित्रच आहे. पण मला त्या क्षणी वाटलं की आकाशानं एक वस्तू माझ्यासाठी राखून ठेवली होती.

रविवारी मी तिघांना माझ्या स्क्रीनवरून ते दाखवलं. “वावरं!” तिघंही एकदम ओरडले.

“हे पाय बेटा,” सर म्हणाले, “हीच शहाणपणाची खूण. शेती आली अन् माणूस शहाणा झाला. पोट भरलं म्हणून रिकामा वेळ आला, मंग लिहिणं आलं, मंग आकाशाकडं पाहणं आलं. जिथं वावर तिथं बुद्धी.”

“शेती केली कोनं पण सर?” मी विचारलं. “ज्याच्या नावावर होती त्यानं, का ज्यानं वाकून केली त्यानं? रिकामा वेळ कोनाले भेटला?”

“तू विषय कुठच्या कुठी नेऊन राहिली.”

“विषय तिथंच आहे. या चौकोनांत कोनीतरी निंदलं असंन ना? त्याची खूण कुठी आहे? ते शहाणे नव्हते?”

अकोल्याचा मध्ये पडला. डायनासोर मेले तेव्हा मोठे आधी मेले, बिळात राहणारे उंदराएवढे प्राणी तगले आणि त्यांच्यातूनच पुढे आपण आलो, असं काहीतरी तो समेटाच्या सुरात सांगायला लागला. मी म्हटलं, “बरोबर. म्हणजे इथं बसलेले सगळे उंदराचीच अवलाद. कोनी चिंचेखाली जन्मलं नाही.” सर हसले. मोर्शीचा हसला नाही. तो म्हणाला, “ताई, नाव काय देतं ते सांग. टोळीची इज्जत आहे.”

“सांगते. मले इचार करू दे.”

नाव मी एकटीनं ठरवायचं नाही, असं मी मनात ठरवलं होतं. त्या संध्याकाळी आईला लॅपटॉपसमोर बसवलं आणि ग्रह दाखवला. सगळं समजावून सांगितलं. तुला या जगाचं नाव ठेवायला सांगितलं तर काय ठेवशील, म्हणून विचारलं. तिला आधी मस्करी वाटली. मग तिनं चष्मा आणायला लावला. चौकोनांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “घाई करू नको. नाव ठेवणं काही सोपं काम आहे का?”

ती खरंच विचार करायला लागली. पोळ्या लाटताना मध्येच थांबायची. “वाळवंट आहे नं तिथं?” “मरून लय दिवस झाले का त्यांले?” असं काहीतरी विचारायची. माझ्या आईनं आयुष्यात स्वतःहून कशाचंही नाव ठेवलेलं नाही. माझं नाव आत्यानं ठेवलं, भावाचं काकानं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मला काय हवं होतं ते इतकंच. आईनं ठेवलेलं एक नाव, आकाशात, सगळ्यांना दिसेल असं.

त्यात आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी रस्ता खणला आणि इंटरनेटची वायर तुटली. इकडे मला पेपर तपासायला अकोल्याला जावं लागत होतं. मुदत संपायला अजून एक दिवस होता तेव्हा वायर जोडली गेली. संध्याकाळी जेवताना आईनं नाव सांगितलं. एवढ्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. मग मी इतकी खूश झाले की उष्ट्या हातानं उठले. हात धुतले, लॅपटॉप उघडला, आईला शेजारी बसवलं.

ग्रहाला नाव दिलेलं होतं. ‘लायनं वावर’. लायनं म्हणजे लहान.

कुणी दिलं असेल हे कळायला मला क्षणभरही लागला नाही. आमचे पासवर्ड एकमेकांकडे असत. वीज गेली, नेट गेलं आणि काही दिवस खेळात हजेरी लागली नाही तर यानाचं इंधन उडून जातं, म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली ठेवावी तसा माझा पासवर्ड मोर्शीच्याकडे होता. त्यानं किल्ली लावून घर उघडलं आणि दारावर आपली पाटी ठोकली. बरं, त्या ग्रहावर उतरायचेही कष्ट घेतले नव्हते. नुसत्या यादीतून नाव भरून मोकळा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याच्या खऱ्या वावरांचंही तसंच आहे म्हणा. निम्मी बटईनं, अर्ध्या वाट्यानं दुसऱ्यांना कसायला दिलेली आणि हा मोर्शीत कूलरसमोर.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“नाव देल्लं कोनीतरी. आपल्या वावराचं.”

“आपल्या?”

“त्यांच्या.”

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. “मंग तिथं बी आपण दुसऱ्याच्याच वावरात,” ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली. तिच्या आवाजात रागही नव्हता. त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला सवय होती. साठीच्या पुढच्या बाईला, हक्कानं आपलं म्हणून काही बोलायला गेल्यावर ते दुसऱ्याचं निघायची सवय होती.

मोर्शीच्याला फोन लावला नाही. फोनवर मी शिव्या दिल्या असत्या आणि मग सगळ्यांनी शिव्यांवरच चर्चा केली असती. येत्या रविवारी आम्ही चौघं अकोल्याला प्रत्यक्ष भेटणार होतो, प्रयोगशाळेवाल्याच्या घरी. मी लॅपटॉप घेऊन गेले. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन; ऑटोतून उतरून त्याच्या दारापर्यंत जाईस्तोवर चपलेतून चटका बसत होता. आत कूलर, कचोऱ्या, चहा. तिघंही मजेत. मला पाहून मोर्शीच्याचा चेहरा फुलला. बक्षीस दिलेल्या माणसाचा फुलतो तसा.

“पायलं का ताई?”

“पायलं. काहून केलं?”

“अवं, मुदत संपून राहिली होती. तुहं नेट बंद. येवढ्या भारी ग्रहाले नंबर पडला असता. अन् मागच्या वेळी तुले वावर नव्हतं म्हणून कसंतरी वाटलं होतं, ते मले समजलं होतं बरं का. म्हटलं, आपलं एक देऊन टाकू ताईले.” त्यानं छातीवर हात ठेवला. “आता तुह्यापाशी बी वावर आहे.”

अंतराळातलं भूदान! आणि दिलं तेही सगळ्यात लहान. माझ्याच ग्रहावर त्याचं वावर लावून ते मला दान दिलं होतं आणि आता तो माझ्या आभाराची वाट पाहत होता. त्यानं मत्सरानं केलं असतं तर मी दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. ह्या चांगुलपणाचं काय करायचं? चांगुलपणाशी भांडणारी बाई नेहमी कजाग दिसते.

तरी मी भांडले. “मी तुले मागतलं होतं का? मागच्या वेळी नको म्हटलं, ते तुले ऐकू आलं नाही? माह्या आजोबाले ज्याईनं पृथ्वीवर वावर देल्लं नाही, त्याईचं आकाशातलं घेऊन मी काय करू? माह्या मायनं नाव ठेवलं होतं. आठवडाभर इचार करून ठेवलं होतं.”

“कोनतं?” सरांनी विचारलं.

“आता कशाले पायजे?”

ते नाव मी इथेही लिहीत नाही. दिलं गेलं असतं तर सगळ्या जगानं वाचलं असतं. आता ते आमच्या घरातच राहील.

“जाऊ दे ना ताई,” अकोल्याचा म्हणाला, “त्याचा हेतू वाईट नव्हता.” हे वाक्य येणारच होतं. हेतूची वकिली करायला आपल्याकडे माणसं नेहमी तयार असतात. ज्याचं गेलं त्याच्याकडून कुणी उभं राहत नाही. सर म्हणाले, “बेटा, तू फार मनाले लावून घेतलं. वावर म्हणजे काय, एक आपुलकीचं नाव.” आपुलकीचं! ज्याच्या धुऱ्यावरून, बांधावरून, आमच्या बायांना आवाज देऊन हाकललं जायचं, ते वावर आपुलकीचं. हे मी तोंडावर बोलले. सरांचा चहा हातातच राहिला. ते तिवस्याकडचेच, त्यांना मी काय म्हणते ते पूर्ण ठाऊक होतं.

मग मी लॅपटॉप उघडला. नाव बदलता येत नाही, पण शोध मागे घेता येतो. तसं केलं की नाव पुसलं जातं, नकाशावरून ग्रह जातो, आणि ज्यानं शोध सोडला त्याला तो पुन्हा कधीच मिळत नाही. मला ते माहीत होतं. त्या तिघांनाही माहीत होतं.

“ताई, येडेपणा करू नको,” मोर्शीचा उठून उभा राहिला. “सगळ्या जगात मोजक्याच लोकाईले भेटला तसा ग्रह!”

“मलेच भेटला होता.”

खेळानं विचारलं, नक्की का? मी हो दाबलं. पुन्हा विचारलं. पुन्हा दाबलं. यादीतली ती ओळ गेली. तो ग्रह कुठल्या ताऱ्याजवळ आहे ते मी कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि नकाशावर नाव होतं तेवढ्यात मोर्शीच्यानंही ते नीट पाहिलं नसावं. मला वाटलं होतं, हो दाबल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं. माझा होता तो, आणि मी माझ्या हातानं सोडला, दुसऱ्याच्या मेहेरबानीपायी. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी मूर्तिजापूरपर्यंत रडले आणि पुढे बडनेऱ्यापर्यंत मनातल्या मनात भांडले.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मिटवलं ते बरं केलं.” मग थोड्या वेळानं, “पण चांगला होता तो ग्रह.” एवढंच. त्यानंतर तिनं कधी लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं नाही. चष्मा आणायला लावणारी ती आई पुन्हा दिसली नाही मला, आणि ह्याची भरपाई कुठलाच चांगला हेतू करू शकत नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सरांचा फोन आला. ये बेटा, तुझ्यावाचून गप्पांना चव नाही, म्हणाले. माफी कुणी मागितली नाही. मी पासवर्ड बदलला आणि परत गेले. आकाश दुसरीकडे कुठे मिळणार होतं मला? पण मी पहिल्यासारखी नव्हते, आणि तसं दाखवायचाही प्रयत्न केला नाही.

मग एका रविवारी मोर्शीच्याला तसाच ग्रह सापडला. खुणांचा. चौकोन नव्हते, नुसते गोल खड्डे होते, पण शहाणी जमात होती आणि ती संपली होती. तो हरखून गेला होता. त्यानं आम्हाला स्क्रीन दाखवला, खाली उतरून फिरवून आणलं. मग त्याचा आवाज मऊ झाला.

“ताई, या बारीले तू सांग, काय नाव देऊ. तू जे म्हणशील ते.”

मला कळत होतं की हा त्यांचा समेट आहे, तिघांनी मिळून ठरवलेला. मी गोड बोलून एखादं नाव सुचवायचं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडायचा.

“वावराचंच दे,” मी म्हटलं. “रिवाज मोडू नको. फक्त ज्या वावरात तू सोता निंदलं, त्या वावराचं दे. एक पूर्ण पात धरून, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.”

“निंदलं?” तो हसला. त्याला खरंच गंमत वाटली. “काय ताई तू बी! निंदाले तं बाया लावतो ना आमी.”

कुणीच हसलं नाही. त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्याचं हसणं मध्येच थांबलं.

“मंग नाव ठेवाले बी बाया लाव,” मी म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवला.